उत्तर यायला अर्धा तास

लहान मुलांसाठी विज्ञानकथेची एक दूरचित्रवाणी मालिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा माझ्याजवळ कल्पना एकच होती. मंगळावरच्या एका छोट्या वसाहतीत चार मुले राहतात, त्यांची आजी पृथ्वीवर आहे, आणि तिला काही विचारले की उत्तरासाठी ताटकळत बसावे लागते. वाहिनीशी बोलणे 26 भागांचे झाले होते. त्यांपैकी 13 भाग तयार झाले आणि तेराव्या भागानंतर मालिका बंद पडली. लिखाणाची पहिली बैठक आणि शेवटच्या भागाचे प्रसारण यांच्यामध्ये सुमारे दीड वर्ष गेले. त्या काळात काय काय करावे लागले, ते आठवेल तसे लिहीत आहे.

मंगळ आणि पृथ्वी यांच्यातले अंतर सतत बदलत असते, त्यामुळे प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या रेडिओ संदेशालाही एका बाजूने पोहोचायला कधी 3 मिनिटे लागतात, तर कधी 22. मला कथा याच वाट पाहण्यावर उभी करायची होती. वाहिनीच्या मंडळींना मात्र आजी पडद्यावर दिसताक्षणी बोलायला हवी होती. भविष्यकाळातली गोष्ट आहे, तेव्हा तोपर्यंत एखादे नवे यंत्र निघाले असे दाखवा, मुले इतका वेळ धीर धरणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर माझ्याकडे हट्टापलीकडे फारसा युक्तिवाद नव्हता. मदतीला धावून आला तो आमचा निर्मिती व्यवस्थापक. आजी जर फक्त ध्वनिचित्रमुद्रित संदेशांतूनच भेटणार असेल, तर तिच्यासाठी एक भिंत, एक खुर्ची आणि एक कॅमेरा पुरेल, आणि तेराही भागांतली तिची सगळी दृश्ये दोन दिवसांत उरकता येतील, असे त्याने कागदावर मांडून दाखवले. प्रकाशाचा वेग आमच्या मालिकेत अबाधित राहिला तो असा, हिशेबाच्या वहीमुळे.

लिहायला बसल्यावर या नियमाने मला अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त दिले. तिसऱ्या भागात वसाहतीतले दिवे जातात आणि धाकटी रडत रडत आजीला संदेश पाठवते. दिवे चार मिनिटांत परत येतात. आजीचा दिलासा येऊन पोहोचतो तेव्हा चौघेही खेळण्यात रमलेली असतात, आणि पडद्यावरची आजी कोणीही ऐकत नसताना अंधाराला घाबरायचे नसते हे समजावत राहते. हे दृश्य मी एका बैठकीत लिहिले आणि त्यातला एकही शब्द पुढे बदलावा लागला नाही. बाकीच्या भागांबद्दल मला असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या भागाचे नऊ खर्डे झाले आणि तरीही तो मालिकेतला सर्वांत कमकुवत भाग राहिला.

मालिकेत काय घडू शकते आणि काय नाही, याची एक वही मी ठेवली होती. मंगळाचा दिवस 24 तास 39 मिनिटांचा असतो, वर्ष पृथ्वीच्या 687 दिवसांचे असते, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 38 टक्के असते आणि हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो, अशा नोंदी तिच्या पहिल्या पानावर होत्या. वहीत एक ओळ लिहायला मला अर्धे मिनिट लागे आणि तीच ओळ पाळायला चित्रीकरणाच्या चमूचा अर्धा दिवस जाई. त्यामुळे त्या वहीला सेटवर फार प्रेमाने पाहिले जात नसे.

सर्वांत जास्त छळले ते गुरुत्वाकर्षणाने. मुलांना तारांना बांधून उचलण्याचा विचार पहिल्याच आठवड्यात सोडून दिला. त्यात धोका होता आणि प्रत्येक टेकसाठी लागणारा वेळ आम्हाला परवडणारा नव्हता. मग कॅमेरामनने जुनी युक्ती काढली. मंगळावर एखादी वस्तू तितक्याच उंचीवरून पडायला पृथ्वीच्या सुमारे 1.6 पट वेळ घेते. आमचे प्रसारण सेकंदाला 25 चौकटींचे, म्हणजे 25 स्थिर चित्रांचे, होते. तेव्हा चित्रीकरण सेकंदाला 40 चौकटींनी केले आणि ते 25 च्या वेगाने दाखवले, की पडणारा चेंडू अगदी मंगळावरच्यासारखा पडतो. चाचणीत हे इतके सुंदर दिसले की आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच पद्धतीने मुलांचे चालणे चित्रित केले, तेव्हा चेंडूबरोबर मुलेही संथ झाली. त्यांच्या पापण्या संथ मिटत होत्या, हात झोपेत हलवल्यासारखे हलत होते, आणि संवाद असलेल्या दृश्यात तर ही युक्ती वापरणेच शक्य नव्हते, कारण ओठ आणि आवाज यांचा मेळ बसत नव्हता.

अखेर तडजोड झाली. उडी मारणे, वस्तू पडणे, धूळ उडणे अशी संवाद नसलेली दृश्ये 40 चौकटींनी घ्यायची आणि बाकी सगळीकडे मुलांनी साधे चालायचे. ती साधी का चालतात, याचे कारण म्हणून मी पहिल्या भागात एक वाक्य घातले: वसाहतीत सगळ्यांना वजनदार बूट घालावे लागतात. पाचवा भाग दाखवल्यानंतर एका मुलीचे वहीच्या कागदावर लिहिलेले पत्र वाहिनीकडे आले. बूट माणसाने घातले आहेत, चेंडूने नाहीत, मग जेवणाच्या खोलीत फेकलेला चेंडू इतक्या लवकर खाली कसा आला, असे तिने विचारले होते. त्या दृश्यात दोन संवाद होते म्हणून आम्ही ते नेहमीच्या वेगाने घेतले होते. दिग्दर्शकाने ते पत्र संकलन कक्षाच्या दारावर चिकटवले आणि ते मालिका संपेपर्यंत तिथेच राहिले.

वादळाचा भाग लिहिताना याच वहीवरून दिग्दर्शकाचे आणि माझे पहिले खरे भांडण झाले. वाऱ्याने मुले फेकली जात आहेत, दोर तुटत आहेत, असे दृश्य त्याला हवे होते. मंगळावरची हवा इतकी विरळ आहे की तिथला वेगवान वाराही माणसाला ढकलू शकत नाही, हे मी सांगत होते आणि त्याला मी केवळ आडमुठेपणा करते आहे असे वाटत होते. मग मी ऑपर्च्युनिटी या यानाची गोष्ट सांगितली. मंगळावर चौदा वर्षांहून अधिक काळ काम करणाऱ्या त्या यानाचा शेवटचा संदेश 10 जून 2018 रोजी आला. त्याला वाऱ्याने उलथवले नाही. धुळीने आकाश इतके काळवंडले की त्याच्या सौर पट्ट्यांना ऊन मिळेनासे झाले. दिग्दर्शक थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, मग आपला भाग अंधाराचा करू. वादळाचा भाग वाऱ्याच्या पंख्यांशिवाय झाला. हळूहळू मंद होत जाणारे दिवे, बंद करावी लागणारी एकेक खोली आणि शेवटी एकाच खोलीत दाटीवाटीने बसलेली चार मुले, एवढेच त्यात होते. तो भाग आमचा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत चांगला भाग ठरला. त्याच भागातल्या सूर्यास्ताचा रंग, मंगळावर तो खरोखरच निळसर दिसतो म्हणून, आम्ही निळा ठेवला होता. रंगसंस्कार करणाऱ्या तंत्रज्ञाने चूक समजून तो मोठ्या कष्टाने नारिंगी करून दिला आणि सगळे पुन्हा करावे लागले.

शिरस्त्राणांबद्दल थोडक्यात सांगते. पुढच्या काचेत कॅमेरा, दिवे आणि चहाचा पेला धरलेला सहायक असे सगळेच दिसू लागल्यामुळे काचा काढून टाकल्या आणि त्यांची चमक नंतर संगणकावर घातली. आत हवा खेळती राहावी म्हणून बसवलेल्या छोट्या पंख्यांची घरघर प्रत्येक संवादात उतरली, म्हणून बाहेरच्या दृश्यांतले सगळे संवाद डबिंगमध्ये पुन्हा घ्यावे लागले.

मोठ्यांच्या मालिकेत कधी न येणाऱ्या अडचणी मात्र मुलांच्या वाढीतून आल्या. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. एक सेट उभा आहे तोवर तेराही भागांतली त्या सेटवरची दृश्ये उरकायची, मग पुढच्या सेटकडे जायचे, असा तो क्रम असतो. आमची धाकटी आठ वर्षांची होती. नियंत्रण कक्षातली दृश्ये संपली आणि बागेच्या सेटवरची सुरू होण्याआधी तिचा वरचा दात पडला. याचा अर्थ असा, की पहिल्या भागात ती नियंत्रण कक्षात दात असलेली, दार ओलांडून बागेत आली की दात नसलेली आणि परत आत गेली की पुन्हा दात असलेली दिसणार होती. कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या मुलीने तिच्या तक्त्यात दातासाठी एक नवा रकाना आखला. दंतवैद्याकडून तात्पुरता दात करून घेतला, पण तो लावला की धाकटी 'स' म्हणताना शिट्टी वाजवी, आणि तिच्या संवादांत स्टेशन, संदेश, सिग्नल, सौर असे शब्द ओळीओळीला होते. मी दोन रात्री बसून तिच्या बागेतल्या संवादांतून शक्य तितके 'स' काढून टाकले. लेखक म्हणून केलेल्या कामांत इतके बारीक काम मी पुन्हा कधी केलेले नाही.

थोरल्याचे दुखणे निराळे होते. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि डबिंगची वेळ येईपर्यंत त्याचा आवाज फुटला. वसाहतीच्या आत तो एका आवाजात बोलत होता आणि शिरस्त्राण चढवून बाहेर पडला की दुसऱ्याच. शेवटी बाहेरच्या दृश्यांतला आवाज एका मुलीकडून घेतला. हे त्याला सांगण्याचे काम माझ्यावर आले आणि तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

प्रसारण सुरू झाले तेव्हा आम्ही अजून दहावा भाग संकलित करत होतो. पहिले चार भाग संध्याकाळच्या वेळेत गेले, त्यानंतर ती वेळ दुसऱ्या कार्यक्रमाला देऊन आम्हाला दुपारी हलवले आणि दोन आठवड्यांनी आणखी एकदा सकाळी. वेळ बदलल्याचे प्रेक्षकांना कळेपर्यंत ती पुन्हा बदललेली असे. प्रेक्षक कमी झाले, तशा जाहिराती कमी झाल्या. अशा मालिकेचा बराचसा खर्च सुरुवातीलाच होतो. सेट, पोशाख, संगणकावरची वसाहत हे सगळे एकदा बांधायचे आणि त्याचा भार भागांवर वाटायचा. 26 भागांवर वाटायचा म्हणून आखलेला भार 13 भागांवर पडणार, हे निर्मिती व्यवस्थापकाला माझ्या कितीतरी आधी दिसले होते. पुढचे भाग नकोत, असे वाहिनीने फोनवर कळवले तेव्हा बारावा भाग डबिंगमध्ये होता आणि तेराव्याचे फक्त निम्मे चित्रीकरण झाले होते.

तेरावा भाग हा खरे तर मध्यंतर म्हणून लिहिलेला होता. तो शेवट म्हणून चालावा यासाठी माझ्याजवळ एकच सेट, दोन दिवस आणि आजीची भिंत उरली होती. तेव्हा अगदी आरंभी सुचलेली आणि अवघड म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट मी काढली. भागाच्या पहिल्या मिनिटाला मुले आजीला एक प्रश्न विचारतात, शेवटच्या मिनिटाला तिचे उत्तर येते आणि मधला सगळा वेळ ती वाट पाहतात. भिंतीवरच्या घड्याळातला वेळ आणि प्रेक्षकाच्या घरातल्या घड्याळातला वेळ अगदी एकच असावा, अशी कल्पना होती. भाग 22 मिनिटांचा, त्यात मधल्या जाहिराती 8 मिनिटांच्या, म्हणजे एकूण 30 मिनिटे; म्हणून मंगळ अशा जागी ठेवला की संदेशाला एका बाजूने 15 मिनिटे लागावीत. प्रत्येक जाहिरात विश्रांतीनंतर भिंतीवरचे घड्याळ नेमके तितके पुढे गेलेले दिसावे, म्हणून संकलकाने वाहिनीकडून विश्रांतीच्या वेळा लेखी मागवून घेतल्या.

प्रसारणाच्या दिवशी आम्ही सगळे संकलन कक्षात एकत्र बसून तो भाग पाहिला. पहिली विश्रांती दीड मिनिटाचीही नव्हती. दुसरी तर आली आणि गेली; दोन्ही मिळून 2 मिनिटे झाली असतील. जाहिराती मिळाल्याच नव्हत्या, आणि उरलेला वेळ भाग संपल्यानंतर दुसऱ्या कार्यक्रमांच्या प्रोमोंनी भरून काढला गेला. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास झाला तेव्हा आमच्या मनगटावर 24 मिनिटे झाली होती. संकलक काही न बोलता उठून बाहेर गेला.

पंधरा दिवसांनी चेंडूवाल्या मुलीचे दुसरे पत्र आले. या वेळी तिने आकृती काढली होती. जायला 15 आणि यायला 15 मिनिटे लागत असताना उत्तर 24 मिनिटांत आले, तर आजीचा संदेश प्रकाशाच्या सव्वापट वेगाने प्रवास करतो का, असे तिने विचारले होते. मी हिशेब तपासून पाहिला. तो बरोबर होता.