जाड पत्रा आणि आजीचा मांडा

परवा एका फॅब्रिकेशनवाल्याकडे स्वयंपाकघरासाठी रॅक टाकायला गेलो आणि मी आपला ठासून सांगतोय, भाऊ पत्रा 16 गेजचाच लाव, पिठाचे डबे ठेवायचेत, वाकायला नको. (गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे उलटं गणित कोणी काढलं देव जाणे.) तो हसला. 22 गेजचा तुकडा उचलला, एक मिलीही जाड नसेल, हलवला तर थडथड वाजायला लागला. मग मशीनवर दोन्ही लांब कडा इंचभर खाली मोडल्या, कडांची टोकं परत आत दुमडली, माझ्या हातात दिला आणि म्हणे आता वाकवा. दोन्ही हातांनी जोर लावला, घाम आला, पण वाकेना.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. सपाट पत्र्याची जाडी दुप्पट केली की तो वाकायला आठपट कठीण होतो खरा, पण वजन आणि पैसे दुप्पट लागतात. कड मोडली की वाकवणाऱ्याला जाडीशी नाही, इंचभर उंचीशी भांडावं लागतं. आपल्या गोठ्यावरचा नालीदार पत्रा तरी दुसरं काय आहे, 1829 मध्ये लंडनच्या गोदीतल्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरने त्याचं पेटंट घेतलं, पण जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे शेताच्या बांधावर उभं राहून बघा, केळीच्या पानाचा देठ पन्हळीसारखाच असतो, पुरुषभर लांबीचं पान त्यावर पेललेलं. आणि पान वाऱ्यात शिरांच्या रेषेने फाटतं ते एक बरंच, नाहीतर शिडासारखं वारा धरून अख्खी केळ आडवी करेल.

पण पातळपणातली खरी मास्तरीण आमची आजी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चुलीवर खापर पालथं घातलेलं, आणि ती पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवायची, कोपरापर्यंत मांडा लोंबायचा, आरपार हात दिसायचा, फाटायचा मात्र नाही. इथे कड नाही, घडी नाही, नुसता मळून मळून आलेला कणकेचा चिवटपणा. मी एकदा भीतीने मधे जाडसर ठेवला आणि तो कडेला टरकन गेला. आजी म्हणे, "एक जागे जाड ऱ्हायनी का दुसरी जागे फाटस."

रॅक 22 गेजचाच घेतला. डबे ठेवलेत. बायको अजून रोज एकदा खाली वाकून बघते.