सामाईक रान आणि बकऱ्या

सामाईक घराचं रान कोणी तोडायचं हा विषय आमच्याकडे दरवर्षी चतुर्थीला निघतो. सगळे आलेले असतात, नेवऱ्या तळून झालेल्या असतात, माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधायला कोणीतरी शिडीवर चढलेलं असतं आणि खालून सुपारीचं शिपटं वर देणारा म्हणतो, "मागच्या बाजूला यंदा पाऊल ठेवायला वाट नाही." सगळे एकमताने माना डोलावतात. गणपती पोचवला की त्या माना आपापल्या फ्लॅटांत परत जातात आणि रान जिथल्या तिथे राहतं.

घर पेडणे तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. पुढे अंगण आणि तुळस, मागे काजू, दोन म्हातारे फणस, एक विहीर आणि हद्दीचा चिऱ्यांचा गडगा. पुढची बाजू मुरगावहून येणारे काका निगुतीने ठेवतात, कारण ती रस्त्यावरून दिसते. मागची बाजू फक्त देवाला दिसते. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढं पाणी फुकट मिळाल्यावर कोणती वनस्पती गप्प बसेल? करवंदीच्या जाळ्या गडग्यावर चढल्या, घोटवेल काजूवर, कुडा वाट्टेल तिथे उगवला आणि राहिलेली जागा घाणेरी आणि रानमोडीने वाटून घेतली. त्यांची वाटणी मात्र बिनतक्रार झाली.

आमची झालेली नाही, हे रानाचं खरं कारण. पाऊस निमित्तमात्र. गोव्यात वारसाहक्काला अजून 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा पाया आहे. मुलगा-मुलगी सारखेच वारस, नवराबायकोचा हिस्सा अर्धा-अर्धा आणि आईबापांनी ठरवलं तरी मुलांना पूर्ण डावलता येत नाही. कायदा म्हणून मला तो मनापासून आवडतो. आत्यांना जमिनीत नाव असतं, हे शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणींना सांगताना माझी आत्या अजूनही जरा ताठ बसते. पण तीन पिढ्या वाटणी राहिली की फॉर्म एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या सातबाराच्या, उताऱ्यावर नावांची जत्रा भरते. त्यातली काही माणसं कधीच निवर्तली, काही मस्कतला, काही ठाण्याला, एक चुलतभाऊ आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लिस्बनला. प्रत्येकाचा हिस्सा कागदावर अपूर्णांकात आणि करवंदीच्या काट्याला अपूर्णांक कळत नाही. मी माझा एक-बारांश तोडायचा म्हटलं तर तो नेमका कुठून कुठपर्यंत?

पर्याय नव्हते असं नाही. गवत कापायचं मशीन घेऊन येणारे असतात. ते गवतापुरतं ठीक, करवंदीच्या बुंध्यात त्याचं पातं पहिल्या तासात हार मानतं. बेणणीला माणसं मिळतात, पण काजूचा हंगाम तोंडावर आला की सगळ्यांनाच एकदम लागतात, आणि फुरसं कुठे बसलंय ते न दिसणाऱ्या झुडपात हात घालायला सांगताना आपलीच जीभ अडखळते. तणनाशक विहिरीजवळ मारायचं नाही यावर घरात दुर्मीळ एकमत आहे. राहिला विस्तव. जुनी माणसं काजूखालचा पाचोळा गोळा करून जाळायची, समोर उभं राहून, हातात ओला टाळ घेऊन. आता समोर उभं राहायला माणूस कुठाय? 2023 च्या मार्चमध्ये म्हादईच्या अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर वणवे पेटले, तेव्हा दिवसेंदिवस धूर पाहिलेला माणूस सुक्या रानाजवळ काडेपेटी काढत नाही.

बकऱ्यांची कल्पना लिस्बनच्या चुलतभावाची. तिकडे 2017 च्या वणव्यांत शंभराहून जास्त माणसं गेली. खेडी ओस पडली, तरुण शहरात गेले, गुरं गेली, आणि कोणी न चरलेलं झुडूप उन्हाळ्यात सरपण होऊन उभं राहिलं. मग तिथल्या सरकारने बकऱ्या राखणाऱ्यांना पैसे देऊन असं रान चरवून घ्यायची योजना काढली. त्याने बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "आपल्याकडे का नाही?" घराच्या ग्रुपवर त्याची पुष्कळ थट्टा झाली. लिस्बनहून पेडण्याच्या शेळ्या हाकायच्या म्हणजे उंटसुद्धा फार उंच लागतो. मग कोणीतरी शोधून काढलं की 2009 मध्ये गूगलने कॅलिफोर्नियातल्या आपल्या आवारातलं गवत-झुडूप काढायला दोनशेच्या आसपास बकऱ्या भाड्याने आणल्या होत्या. लगेच सूर बदलला. धनगर पिढ्यान् पिढ्या जे करत आलेत ते गूगलने केल्यावर आमच्या घरात त्याला 'मॉडेल' म्हणायला लागले.

बकऱ्या मिळाल्या डोंगरापलीकडच्या वाड्यावर. मालक म्हातारे, बोलायला मोजके. व्यवहार सरळ होता: चारा आमचा, लेंड्या आमच्या माडांना, बकऱ्या संध्याकाळी परत त्यांच्या गोठ्यात, कारण रात्री बिबटा फिरतो आणि दिवसा गावातली मोकाट कुत्री. वर काही रोख. आधी ते एकटेच येऊन जागा बघून गेले. झुडपांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. हद्दीने चालले, गडगा जिथे ढासळलाय तिथे थांबले आणि म्हणाले, "पयलीं वंय घाला बाब, मागीर बोकड्यो." आधी कुंपण, मग बकऱ्या.

कुंपणाला आपल्याकडे सगळ्यात स्वस्त माल म्हणजे मच्छीमारांनी टाकून दिलेलं जुनं जाळं. अर्ध्या गोव्याच्या भाजीच्या वाफ्यांभोवती तेच असतं. ते आणायचं ठरत होतं, पण म्हाताऱ्यांनी हात हलवला. जाळ्यात शिंग अडकतं, बकरी ओढते, गळ्याला फास बसतो. त्यापेक्षा बांबूच्या चिव्या, आणि जिथे शक्य तिथे गडगाच पुन्हा रचून घ्या. तो रचला. मग त्यांनी बोट दाखवून एकेक झाड सांगितलं. कण्हेर आहे तिथे जाऊ द्यायचं नाही, थोडी पानंही जिवावर बेततात. आंब्याची कलमं झाकायची. केळी तर बकरीला दाखवायचीच नाहीत.

बकरी खाताना जवळून बघावी. गाय गवतात जीभ घालून मुठीने उपटल्यासारखं खाते. बकरीचं तसं नाही. तिचा वरचा ओठ वेगळाच प्राणी असल्यासारखा हलतो. करवंदीच्या दोन काट्यांच्या मधे तो ओठ शिरतो, पान चाचपतो, एकच पान बाहेर ओढतो, आणि काटा होता तिथेच राहतो. वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, नुसती कडक हिरडी. तिच्यावर खालचे दात दाबून मान हिसकली की पान तुटतं. टक् असा बारीक आवाज येतो. दहा-बारा बकऱ्या एका जाळीत घुसल्या की हा आवाज सगळीकडून यायला लागतो. आणि त्या खाली बघतच नाहीत. गवत पायाखाली लुसलुशीत असताना यांची नजर वर. मागच्या पायांवर उभ्या राहून, पुढचे खूर काजूच्या बुंध्याला टेकवून, माणसाच्या उंचीची घोटवेल त्या खाली ओढतात. मेंढीला आणि गाईला चरायला जमीन लागते, बकरीला झुडूप. म्हणूनच रान काढायला ती बरी, आणि म्हणूनच बागवाल्यांच्या शिव्याही तिलाच.

कळपात एक बोकड होता, काळाकुळीत, तोंडावर पांढरे पट्टे. सिंधुदुर्गातली कन्याळ जात अशीच असते. आमच्यापासून सीमा हाकेवर, तेव्हा याचे वाडवडील पत्रादेवीचा नाका न विचारता ओलांडून आले असतील. माजावर आलेला बोकड स्वतःच्याच दाढीवर मुततो, अत्तर लावावं तसं. काकू दोन दिवसांसाठी हौसेने आल्या होत्या. त्यांनी मागची खिडकी जी लावली ती परत जाईपर्यंत उघडली नाही.

फणसाच्या पाल्यासाठी मात्र बकऱ्या वेड्या. एक फांदी खाली टाकली की करवंद, कुडा, सगळं सोडून धावतात. त्यामुळे म्हातारे फांदी नेमकी तिथे टाकायचे जिथे जाळी सगळ्यात दाट. फणस संपेपर्यंत आजूबाजूचंही तुडवलं जायचं, चाखलं जायचं. हे कुठल्या योजनेत लिहिलेलं नसतं.

दुपारी सगळ्या सावलीत बसून रवंथ करायच्या. चार कप्प्यांच्या पोटात सकाळचं सगळं कोंबलेलं, ते पुन्हा तोंडात आणून निवांत चावायचं. एका बकरीला दिवसाला वजनाच्या तीन-चार टक्के कोरडा चारा लागतो. हिरव्या पाल्यात हिशेब केला तर तीस किलोची बकरी सहज चार-पाच किलो फस्त करते. तरी घाईत मोजणाऱ्याची निराशाच होते. पहिले काही दिवस रान तसंच दिसतं, फक्त आतून विरळ होत जातं. मग एका सकाळी आपण पलीकडचा गडगा बघतो आणि थबकतो, कारण मधल्या जाळीला पानच उरलेलं नसतं. उभ्या असतात त्या नुसत्या काटक्या.

आता हे सांगायलाच हवं, कारण बकरीची स्तुती करणारे ते सांगत नाहीत: बकरी पान खाते, कोवळा कोंब खाते, साल सोलते, पण बुंधा आणि मूळ तुमच्यासाठी ठेवते. कोयता चालवावाच लागतो. फरक एवढाच की आता हात कुठे घालतोय ते दिसतं, आणि खाली कोण वेटोळं घालून बसलंय तेही. आणि एकदा चरवून भागत नाही. मुळात साठवलेल्या बळावर झुडूप पुन्हा फुटतं. ते फुटलं की पुन्हा बकरी, पुन्हा फुटलं की पुन्हा. दोन-तीन हंगाम असं केल्यावर मूळ दमतं. ऐन पावसात तेही बंद. बकरीला भिजणं सोसत नाही, चिखलात खूर सडतात, म्हणून म्हातारे मिरगाआधी लस टोचून घेतात आणि चार महिने त्यांना माचाणावर ठेवून टाळ तोडून घालतात.

झुडूप गेल्यावर खालून घर निघालं. म्हणजे घराचा विसरलेला भाग. विहिरीकडे उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या आहेत हे माझ्या पिढीला ठाऊकच नव्हतं. गुरांना पाणी पाजायची दगडी दोण निघाली, काठावर दोरीने पडलेल्या खाचांसकट. फणसाखाली राखणदाराचा दगड मोकळा झाला. तिथे बकऱ्यांच्या मालकांनी कोणाला न विचारता विडी ठेवली, मग आम्हीही नारळ ठेवला. आणि कोपऱ्यात निघाला सर्व्हेचा हद्दीचा दगड, जिथे असेल असं शेजारी म्हणत होते तिथून चांगला दोन हात पलीकडे, त्यांच्या बाजूला. त्याचा फोटो ग्रुपवर टाकल्यावर ज्यांनी वर्षानुवर्षं उत्तर दिलं नव्हतं त्यांची उत्तरं पाच मिनिटांत आली. पायऱ्यांच्या फोटोला इतकी गर्दी झाली नाही.

आत्याचा फोन वेगळ्या कारणाने आला. गडग्याच्या कडेला तिच्या आईने लावलेली अबोली होती, ती शाबूत आहे का? नव्हती. शिवाय माटोळीला टांगायची रानफळं, कांगण्या आणि कवंडळं, याच रानातून यायची, ती आता कुठून आणणार, पेडण्याच्या बाजारातून विकत? हा मुद्दा बिनतोड होता. म्हणून खालचा पूर्वेकडचा एक पट्टा चिव्या ठोकून वेगळा केलाय. तिथे रान राहू द्यायचं. सगळीकडे झाडलोट केलेलं अंगण हवं, हा हट्ट मलाही पटत नाही. आत्याने अबोलीची रोपं पाठवली आहेत आणि ती बकरीच्या मानेपेक्षा उंच कुंड्यांत लावायची ताकीदही.

घाणेरी आणि रानमोडी मात्र बकऱ्यांनी जवळपास जशीच्या तशी ठेवली. दोन्ही बाहेरून आलेल्या, मूळच्या अमेरिका खंडातल्या. घाणेरी तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं फूल म्हणून लाडाने आणलेली. पोटभर खाल्ली तर गुरांचं यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते, त्यामुळे बकऱ्यांनी तोंड फिरवलं ते बरंच झालं. रानमोडीला त्यांनी हुंगून सोडलं. ती हिवाळ्यात फुलते आणि मग बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडत सगळ्या डोंगरभर जातं. म्हणजे ती फुलायच्या आत, हाताने, मुळासकट उपटायला हवी. मालकांना विचारलं, तर ते म्हणाले हे बकरीचं काम नव्हे, माणसांचं आहे, तुम्ही घरचे पुष्कळ आहात.

तसं ग्रुपवर लिहिलंय. नाताळच्या सुट्टीच्या आधीचे दोन दिवस, येताना हातमोजे आणावेत, कोयते इथे आहेत, जेवण घरचं. सगळ्यांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतात. लिस्बनहून एक अंगठा आला आहे. मुंबईच्या काकांनी विचारलंय, बकऱ्यांना पुन्हा एकदा विचारून बघायला काय हरकत आहे?