आजीचा हस्तिदंती करंडा

गेल्या पौषात आजी गेली. नागपूरच्या महाल भागातल्या घरी तिची सागवानी पेटी आम्ही उघडली, तेव्हा ठुशी, मोत्यांची नथ आणि लाख भरलेल्या पाटल्या यांच्या खाली, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेला कुंकवाचा हस्तिदंती करंडा निघाला. सोबत आजोबांच्या नावाचा वनखात्याचा मालकी दाखलाही होता. तो कागद तिने दागिन्यांइतकाच जपला, याचे मला फार मोल वाटते.

पाटल्या मोडायच्या ठरल्या, म्हणून इतवारीच्या सराफ्यात गेले. आतल्या लाखेचे वजन वजा केल्याशिवाय सोन्याचा हिशेब लागत नाही, त्यामुळे लाख आपल्यासमोर काढून मगच वजन करायला सांगावे. तिथेच एका दुकानदाराने करंड्याविषयी ऐकून म्हटले, "ताई, तोही आणा, जुनी वस्तू आहे, चालून जाईल." तसे मुळीच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकन हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. वस्तू शंभर वर्षांची असली तरी तिला सूट नाही, आणि दाखला हाती असला तरी तो वस्तू बाळगण्यापुरता आहे, विकण्यासाठी नाही. वारशाने आलेली अशी वस्तू ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे घोषित करावी लागते. राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच असल्याने निदान नागपूरकरांनी तरी हे टाळू नये. मी आजोबांच्या दाखल्याची प्रत जोडून अर्ज दिला.

वस्तू खरी आहे का हे पाहण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा सल्ला अनेक जण देतात. कृपा करून तसे करू नका, कारण तो डाग कायमचा राहतो. आडव्या कापलेल्या बाजूला भिंगातून एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसल्या तर तो हत्तीचा दात. हाडावर त्याऐवजी बारीक छिद्रे किंवा काळसर ठिपके दिसतात.

करंडा टिकवण्याची खरी कसोटी आपल्या हवेत आहे. हस्तिदंत हवेतला ओलावा शोषतो आणि सोडतोही, म्हणून मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या कोरड्या झळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा यांच्या चढउताराने त्याला तडे जातात. कूलरच्या झोतासमोरचे कपाट त्याला वाईट, तसेच उन्हाची खिडकीही वाईट. करंडा मी आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात, न रंगवलेल्या सुती कापडात ठेवला आहे, कारण रंगीत कापडाचा, रबराचा आणि तांब्याचा डाग त्यात मुरतो. पाण्याने तो कधीही धुवू नये, कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटकली की पुरे. रिठ्याचे पाणी सोन्याला चालते, पण लाखेच्या दागिन्यांना आणि मोत्यांच्या नथीला त्यात बुडवू नये.

करंड्याच्या तळाशी मुरलेली कुंकवाची लाली मात्र मी तशीच राहू दिली आहे. ती काढायला पाणी लागेल, आणि ती आजीच्या रोजच्या बोटांची आहे.