अरे, तो वायपर सोडत का नाही?

आधी माझं पाप सांगून टाकतो. बारावीत होतो, पप्पांची स्प्लेंडर, मागे मित्र, डोक्यावर काही नाही, आणि वळणावर एकदम ट्रॅफिक हवालदार समोर. त्याने हात केला, मी स्पीड कमी केला, तो दोन पावलं पुढे आला आणि माझं काय डोकं फिरलं माहीत नाही, मी गिअर टाकून गाडी त्याच्या अंगावरच घातली. तो मागे उडी मारून वाचला. पुढच्या चौकात आम्ही दोघं हसत होतो. हसत होतो!

हे आठवायचं कारण म्हणजे परवा एका मित्राच्या दादाशी गप्पा झाल्या. दादा ट्रॅफिकला हवालदार आहे (कुठे ते लिहित नाही, नोकरी आहे त्याची). ग्रुपवर कोणीतरी पुन्हा तो जुना बॉनेटवाला व्हिडिओ (चालत्या गाडीच्या बॉनेटवर वायपर धरून लटकलेला हवालदार) टाकला होता आणि खाली नेहमीची कमेंट, की हा मामा वायपर सोडत का नाही, उडी मारून मोकळा हो ना. दादाला दाखवलं तर म्हणाला, सोडला तर कुठे पडणार? पुढे पडला की चाकाखाली. चालत्या गाडीच्या बॉनेटवर धरायला तेवढंच असतं.

बॉनेटवर तो चढतो कसा हेही त्याच्याकडूनच कळलं. काच वर असते, आत गाणी चालू, शिट्टी ऐकू जात नाही, म्हणून हवालदार समोर येऊन उभा राहतो, कारण माणूस माणसाच्या अंगावर गाडी घालणार नाही असा एक हिशोब मनात असतो. गाडी स्लो होते, थांबल्यासारखी वाटते आणि तेवढ्यात आतल्याचं मन बदलतं. दारू प्यायलेला असेल, कागद नसतील, नाहीतर नुसताच माज. क्लच सुटतो, हा गुडघ्यातून बॉनेटवर आडवा. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा.

एप्रिल २०२३ मध्ये वाशीला असंच झालं होतं, तो पोलीस बॉनेटवर लटकलेला आणि गाडी थेट गव्हाण फाट्यापर्यंत, जवळजवळ वीस किलोमीटर. वीस! वाशीहून दादरला जायला आपण कंटाळतो. ड्रायव्हर नशेत होता असं पोलिसांनी सांगितलं. त्याच्या आधी २०२० मध्ये चिंचवडला, तिथे विषय काय तर न घातलेला मास्क.

आणि गाडी थांबली म्हणजे सुटलो असंही नाही. मुंबईचे ट्रॅफिक हवालदार विलास शिंदे आठवतात का? ऑगस्ट २०१६, खार, पेट्रोल पंप. बिनहेल्मेटचा अल्पवयीन पोरगा, लायसन नाही, शिंदेंनी अडवला, तर पोराने फोन करून भावाला बोलावलं आणि त्या भावाने डोक्यात लाकूड घातलं. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये झुंजले आणि ३१ तारखेला गेले. दादा म्हणतो की त्याला पोराची भीती वाटत नाही, पोराने खिशातून मोबाईल काढला की वाटते. आता कोण येणार, भाऊ येणार, कुठल्या दादाचा माणूस येणार, काही कल्पना नसते. तू पावती करत मशीनमध्ये बघत असतोस, म्हणजे पाठ आणि डोकं दोन्ही उघडं.

बायकांनाही यातून सूट नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात ड्रंक अँड ड्राइव्हच्या कारवाईत एकाने महिला अधिकाऱ्याच्या अंगावर पेट्रोल टाकून लायटर पेटवायचा प्रयत्न केला. वाचल्या, पण वाचून माझ्या पोटात गोळा आला.

आता कोणीतरी म्हणणारच की मामा लोक पण काय साधे नसतात, झाडामागे लपतात, चिरीमिरी घेतात. मान्य आहे बाबा, मीही दिलीये. पण त्याचा राग काढायला तक्रार आहे, चलन कोर्टात नेता येतं, त्यासाठी गाडी अंगावर घालायची काय गरज? आणि चिडतो आपण सिस्टिमवर, सापडतो तो रिफ्लेक्टरचं जॅकेट घालून बारा तास धूर खाणारा माणूस. ड्युटीवरच्या सरकारी माणसावर हात टाकला की लागायचं त्या कलम ३५३ ची शिक्षा आपल्याकडे दोनाची पाच वर्षं केली होती, आता ते न्याय संहितेत १३२ झालंय, पण क्लच सोडताना कलम कोणाला आठवतं.

दादाने स्वतःपुरती एक सवय लावून घेतलीये. बॉनेटसमोर उभं राहायचंच नाही, डाव्या हेडलाइटच्या बाजूला राहायचं, पळाला तर पळू दे, नंबर घ्यायचा आणि चलन घरी पाठवायचं. नवीन पोरांनाही तेच सांगतो, पण नवीन पोरं ऐकत नाहीत, त्यांना पळालेला माणूस म्हणजे अपमान वाटतो.

शेवटी मी त्याला माझा तो स्प्लेंडरचा किस्सा सांगितला, जरा घाबरतच. दादा काही बोलला नाही, चहाचा ग्लास खाली ठेवला.

"लायसन होतं तेव्हा?"

"नाही."

"वय?"

"सतरा."

"म्हणजे आज सापडला असतास तर तुझ्या बापाला पंचवीस हजार," म्हणाला, आणि मग थोडं थांबून, "त्या हवालदाराला लागलं होतं का रे?"

मी मागे वळून बघितलंच नव्हतं.