घरचे वातकुक्कुट : तिसऱ्या प्रयत्नाची नोंद

पहिल्या दोन प्रयत्नांत आमच्या वातकुक्कुटाचा, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या यंत्राचा, बाण वाऱ्यात नुसता थरथरत राहिला, वळला मात्र नाही. दोन्ही वेळा आम्ही स्ट्रॉच्या बरोबर मध्यावर टाचणी टोचून ती पेन्सिलीच्या खोडरबरात रोवली होती. पुठ्ठ्याच्या शेपटीचे वजन जास्त असल्याने ती बाजू खाली झुकायची, स्ट्रॉ टाचणीला तिरकी घासायची आणि मंद झुळकेत बाण जागचा हलत नसे.

या वेळी टोक आणि शेपूट बसवून झाल्यावर मुलीने स्ट्रॉ बोटावर आडवी तोलून पाहिली. ती जिथे तोलली गेली ती जागा मध्यापासून चांगली दोन बोटे शेपटीकडे होती. टाचणी तिथेच टोचावी असे धाकट्याचे म्हणणे होते. परंतु तसे केल्यास शेपटीकडची बाजू आखूड होऊन वाऱ्याचा जोर कमी लागू होतो. म्हणून आम्ही टोकाशी चिकणमातीची छोटी गोळी लावली आणि तोल मध्याच्याही किंचित पुढे येईपर्यंत चिमूटचिमूट माती वाढवत गेलो. तोल दोन्हीकडे सारखा, क्षेत्रफळ मात्र असमान, ही या यंत्राची खरी गोम आहे. आमचे टोक १२ चौरस सेंटिमीटरचे आणि शेपूट ४८ चौरस सेंटिमीटरची आहे. स्ट्रॉचे छिद्र टाचणीपेक्षा थोडे सैल ठेवून खाली एक काचेचा मणी ओवल्यावर फुंकरीनेसुद्धा बाण फिरू लागला.

मोठ्या शेपटीला वारा मागे ढकलतो, त्यामुळे टोक वारा जिकडून येतो तिकडे वळते, हे मुलांनी पंख्यासमोर स्वतः पडताळून पाहिले. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला पश्चिमी वारा का म्हणतात, तेही मग वेगळे सांगावे लागले नाही.

दिशा आखताना होकायंत्र लोखंडी कठड्यापासून दूर ठेवावे, अन्यथा सुई भरकटते. कठड्याच्या आडोशाला वारा भोवरे घेत असल्याने बाण तिथे गोल गोल फिरत होता. उंच काठीवर बांधताच तो स्थिर झाला. हवामान केंद्रांवर वाऱ्याची दिशा मोकळ्या जागेत १० मीटर उंचीवर का मोजतात, ते तेव्हा नीट उमगले.

रात्रीच्या दवाने पुठ्ठ्याची शेपूट मऊ पडून वाकली आहे. पुढची शेपूट जुन्या फाइलच्या प्लास्टिकची कापणार आहोत आणि तिच्या वजनानुसार मातीची गोळी पुन्हा जुळवावी लागेल.