इन्स्टॉल दाबायला मी वेळ लावतो, कारण

‘लिनक्स लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालवून बघितलं. वायफाय चाललं, आवाज आला, मराठीही नीट दिसलं. आता समोर इन्स्टॉल आहे, ते दाबून टाका की. एवढे आढेवेढे कशाला?’

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेच्या अपडेटसह) संपला. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घ्यायला माझ्याकडे येणारे वाढलेत आणि जवळजवळ प्रत्येकजण हे विचारतो. मी सांगतो, आधी सगळ्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, ती वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवा, मग इन्स्टॉल करायला बसतो. काहीजण चिडून निघून जातात. परवा एकाने थेटच विचारलं, ‘वीस वर्षं लिनक्स वापरताय ना? मग स्वतःवर विश्वास नाही का?’

या एका कामापुरता नाही. आणि दरवेळी उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देऊन मी थकलोय, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

२००६ च्या जूनमध्ये उबुंटू ६.०६ आलं. उबुंटू म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मागणी नोंदवली की उबुंटूच्या सीड्या फुकट घरपोच यायच्या. त्याआधीच्या ५.१० च्या पाकिटात दोन सीड्या असत, एक नुसती चालवून बघायची आणि एक इन्स्टॉल करायची. ६.०६ मध्ये दोन्ही कामं एकाच सीडीवर आली. लाइव्ह चालू केलं की डेस्कटॉपवरच इन्स्टॉलचं चिन्ह असायचं. मला ही मोठीच सोय वाटली होती. आज वाटतं, दोन वेगळ्या सीड्या होत्या तेव्हा निदान हातातली सीडी बदलताना माणूस क्षणभर थांबायचा.

कराडला आमच्या वहिनी घरातच डीटीपीचं काम करायच्या. पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, कधी एखादं पुस्तक. पानं लावायला पेजमेकर आणि मराठी टाइप करायला श्रीलिपी. पेंटियम ४, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्डडिस्क. गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस यायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी मशीन अडायचं. मी म्हणालो, ‘वहिनी, लिनक्स टाकून देतो, ही कटकटच जाईल.’

मला जे म्हणायचंय त्याची सुरुवात इथे आहे. पेजमेकर लिनक्सवर चालत नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणजे त्यांचं काम विंडोजवरच राहणार होतं. लिनक्स शेजारी बसवायचं ते पेन ड्राइव्ह तपासायला, इंटरनेटला आणि, खरं सांगायचं तर, मला हवं होतं म्हणून. कित्येक वर्षं मी हे ‘त्यांच्या भल्यासाठी’ असंच सांगत आलो. तेव्हाचा मी अजूनही भांडतो की व्हायरसचा त्रास खरा होता. होताच. पण त्यावर एवढा एकच उपाय होता असं नाही.

चार दिवस मी त्यांच्या मशीनवर लाइव्ह सीडी चालवली. २५६ एमबीत ती रखडत चालायची, सीडी ड्राइव्ह सारखा घरघरायचा, बंद केलं की केलेले बदल पुसले जायचे. पण हार्डडिस्कला काहीही होत नव्हतं. सीडी काढली की विंडोज जसंच्या तसं. चार दिवसांत माझ्या मनात बसलं की ही सीडी निरुपद्रवी आहे. ती होतीच निरुपद्रवी, इन्स्टॉल दाबेपर्यंत. त्यानंतरही पडद्यावर तोच डेस्कटॉप, तेच रंग, तोच माउस. आता डिस्कवर लिहिलं जाणार आहे हे डोळ्यांना कुठेच जाणवत नाही. फक्त एक सूचना येते, की पार्टिशन (डिस्कचा एक कप्पा) लहान करण्याचं हे काम मागे घेता येणार नाही. ती मी वाचली होती. ‘वाचलीच नव्हती’ असं मी बऱ्याच जणांना सांगितलंय, ते खोटं होतं.

पाचव्या दिवशी वहिनींनी विचारलं, ‘भाऊजी, कोऱ्या सीड्या आणू का? आधी माझं काम काढून घ्या.’ मशीनला एकच ड्राइव्ह, त्यात लाइव्ह सीडी बसलेली. विंडोज परत चालू करायचं, चार-पाच सीड्या राइट करायच्या, यात दुपार गेली असती. ‘गरज नाही,’ मी म्हणालो.

त्या काळी भारनियमन होतं. त्या दिवसाची वेळ मी बघून ठेवली होती, लाइट सकाळीच जाऊन आली होती. यूपीएसची बॅटरी जुनी होती. दुपारी जेवणं झाल्यावर लिनक्सला जागा करायला मी ‘डी’ हे पार्टिशन लहान करायला घेतलं. २५ जीबी, वहिनींचं सगळं काम त्यावर. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी अर्ध्याच्या थोडी अलीकडे असताना लाइट गेली.

वेळापत्रकात नसताना गेली. यूपीएस ओरडायला लागला. स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. मी मध्येच थांबवू शकत नव्हतो, कारण तेव्हा डिस्कवरच्या फायली एका जागेहून दुसरीकडे हलत होत्या आणि कुठली फाइल कुठे आहे त्याची यादीही नव्याने लिहिली जात होती. अर्ध्यात सोडलं तर यादी एक सांगणार आणि डिस्कवर भलतंच असणार. बॅटरी वाचावी म्हणून मी मॉनिटर बंद केला. जुना जाडजूड मॉनिटर, वीज खाणारा. त्यामुळे आता पट्टी कुठवर आलीय तेही दिसेना. डिस्कची करकर तेवढी ऐकू येत होती. मी कॅबिनेटला कान लावून बसलो होतो. वहिनी शेजारी उभ्या. ‘होईल ना?’ त्यांनी एकदाच विचारलं. मी मान हलवली. यूपीएसचा आवाज भराभर यायला लागला, मग सलग झाला. मग पंखा थांबला.

लाइट पाऊण तासाने आली. विंडोज चालू झालं. ‘डी’ उघडत नव्हता.

पुढचे तीन दिवस त्याच लाइव्ह सीडीवर बसून मी फायली शोधल्या, हेही नोंदवायला हवं. मित्राची हार्डडिस्क जोडली, टेस्टडिस्क हा हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम चालवला. पार्टिशन सापडलं, पण फोल्डरांची यादी फाटलेली. मग फोटोरेक. ते फाइलींची नावं बघत नाही, डिस्कवर पसरलेल्या मजकुरातून फाइलीची सुरुवात ओळखतं आणि मिळेल तेवढं उचलतं. हजारो फायली आल्या, सगळ्यांची नावं म्हणजे नुसते आकडे. पुतणीच्या बारशाचे फोटो मिळाले, काही वरून अर्धे आणि खाली राखाडी. पेजमेकरची एकही फाइल धड उघडली नाही.

त्यांत एका निवृत्त गुरुजींचं गावाच्या इतिहासाचं पुस्तक होतं. १६० पानं, तीन वेळा प्रुफं तपासून झालेली. हस्तलिखित होतं म्हणून वाचलो असं मी म्हणायचो. वाचलो मी. वहिनींनी ते पुस्तक रात्री जागून पुन्हा टाइप केलं. सुटीच्या दिवशी मी जाऊन मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचो. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. गुरुजींना त्यांनी सांगितलं, ‘मशीन बिघडलं.’ मी तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो.

दोष लाइटचा, असं मी पुढे बरीच वर्षं धरून होतो. लाइट गेली नसती तर पार्टिशन बहुतेक नीट लहान झालं असतं, हे आजही खरं आहे. पण कोऱ्या सीड्यांना नको म्हणालो तो मी.

आता सीडी राहिली नाही, पेन ड्राइव्ह आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. पण बऱ्याचदा बिटलॉकर (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असतो आणि त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, कुठे आहे ते मालकाला ठाऊक नसतं. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद झालेलंच नसतं, आणि अशा वेळी त्या डिस्कला हात लावणं धोक्याचं. म्हणून जमेल तिथे मी वेगळी एसएसडी घ्यायला लावतो. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि नवीवर इन्स्टॉल करायचं. खर्च होतो, मान्य आहे.

तीच पुतणी आता कॉलेजात आहे. ती म्हणते, ‘काका, तुमच्या या अटींमुळे कितीजण त्या जुन्या विंडोजवरच राहिले. त्यांचा डेटा सुरक्षित आहे का?’ तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. माझ्याकडून चिडून गेलेल्या दोघांनी तरी अजून काहीच केलेलं नाही, आणि त्यांच्या बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर चालतात. तरी माझी अट मी सोडलेली नाही.

वहिनींचा लॅपटॉपही विंडोज १० चा. महिन्यापूर्वी त्यांनीच तो माझ्याकडे पाठवला, सोबत न सांगता एक हार्डडिस्क, सगळी प्रत घेतलेली. मी ती दोन मशीनवर उघडून पाहिली, सगळं आहे. लाइव्हवर लॅपटॉप उत्तम चालतो. तो तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे. मी अजून बसलेलो नाही.