आमची वाटचाल : अंगणातला राखाडी

तेरवीचा फोटो उशिरा चालत नाही, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आर्वीच्या आमच्या स्टुडिओत निम्मे काम त्याचेच असे : डाग पडलेल्या पासपोर्ट फोटोवरून १२ बाय १५ इंचांचा कृष्णधवल फोटो.

डार्करूम मोडून आम्ही शाईचे ठिपके फवारणाऱ्या इंकजेट प्रिंटरवर आलो, त्याच वर्षी एका खेड्यातल्या घरी अशी फ्रेम गेली. आमच्या ट्यूबलाइटखाली ती निखळ राखाडी होती. त्यांच्या अंगणात मात्र आजोबांच्या गालावर शेवाळाची झाक उतरली आणि ऐन पंगतीत ती सगळ्यांनी पाहिली. पुढच्या महिनाभरात एकोणीस फ्रेमा परत आल्या, पैसे परत केले, दुकानाचे भाडे थकले. समोरच्या स्टुडिओवाल्याने आमच्या फोटोंना 'हिरवे बाबा' असे नाव पाडले आणि शाळेच्या गॅदरिंगचे आमचे हक्काचे काम उचलले. स्वतःचे कृष्णधवल फोटो तो नागपूरहून छापून आणत असे, हे त्याने गावाला कधी सांगितले नाही. मी ते विसरलेलो नाही.

दोष आमच्या समजुतीचा होता. काळी शाई एकच असली की मधल्या छटा सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळ्या ठिपक्यांच्या मिश्रणातून येतात, आणि तो तोल एका उजेडात साधला तरी दुसऱ्यात ढळतो. एप्सनने २००५ साली के-थ्री शाई आणली, तिच्यात काळ्याच्याच गडद ते फिकट अशा तीन पातळ्या होत्या. प्रिंटरच्या कृष्णधवल मोडमध्ये छटा प्रामुख्याने त्यांतूनच येतात आणि रंगीत शाई केवळ झाक सावरण्यापुरती पडते. पतसंस्थेचे कर्ज काढून तसा एक वापरलेला प्रिंटर आणला.

तरीही पहिले यश आमचे नव्हे, निवृत्त गुरुजींचे. घरच्या जुन्या फोटोंचे सगळे काम ते आमच्याकडेच देत, फ्रेमा परत येत होत्या तेव्हासुद्धा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची छापलेली राखाडी पट्टी ते घरी नेत, सकाळी अंगणात, दुपारी खिडकीशी, रात्री पिवळ्या बल्बखाली धरीत आणि वहीत टिपून आणीत. "सातवी पायरी अजून लाजूनच राह्यली गा, बाबू," असे ते म्हणाले की त्या पायरीवर गुलाबी झाक आहे असे समजून मॅजेंटा कणभर कमी करायचा, हे ठरलेले होते. अशा कितीतरी पट्ट्या वाया गेल्यावर ती पायरी शांत झाली.

नव्याने काम सुरू करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की कार्बनची काळी शाई मुळातच तपकिरीकडे झुकते, म्हणून तिला थोडा थंड रंग द्यावाच लागतो. ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते द्रव्य, घातलेला कागद उन्हात निळसर उजळतो, म्हणून जुन्या फोटोंसाठी आम्ही ब्राइटनरविरहित सुती कागदच वापरतो. आणि ओल्या प्रिंटवर निकाल देऊ नये, रात्रभर वाळू द्यावे. मे महिन्यात आमच्याकडे नोझल, म्हणजे शाई सोडणारी प्रिंटरची बारीक छिद्रे, एका रात्रीत सुकतात, तेव्हा ग्राहक नसला तरी रोज सकाळी नोझल तपासणीचे एक पान काढावे. शाई वाचवणाऱ्यांचे हेड, म्हणजे ही छिद्रे असलेला प्रिंटरचा भाग, कायमचे जाते, हे आम्ही दोनदा पाहिले आहे.

मागल्या पोळ्याच्या सुमारास समोरचा स्टुडिओवाला स्वतः आला, वडिलांचा जुना फोटो घेऊन. तेरवी चार दिवसांवर होती. आम्ही पूर्ण दर लावला, आणि छापण्याआधी राखाडी पट्टी त्याच्याच अंगणात नेऊन पाहिली.